हैतीच्या पातेल्यातला तांदूळ कुणाचा?

काल घरी हैतीचा घेवडा-भात केला. फोटो टाकत नाहीये. दिसायला तो आपल्या मसालेभातापेक्षाही साधा असतो, आणि फोटो टाकला की "रेसिपी प्लीज" सुरू होतं. रेसिपी खाली देतोच आहे. पण ही पोस्ट रेसिपीची नाही, भांडणाची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना फक्त भात करायचाय त्यांनी तेवढा भाग वाचून निघावं, राग नाही.

भांडण असं. गेल्या आठवड्यात तुरीच्या भावावरून एका जुन्या मित्राशी फोनवर वाजलं. मित्र हुशार, चांगल्या नोकरीत, मनाने अजिबात वाईट नाही. त्याचं म्हणणं: "अरे, बाहेर डाळ स्वस्त मिळतेय तर आणावी की. शेतकऱ्याला परवडत नसेल तर त्याने दुसरं काहीतरी पिकवावं. गरिबाला स्वस्त खायला मिळतंय, तुझ्या पोटात का दुखतं?" मी बरंच बोललो, पण फोनवरचं बोलणं कुठे टिकतं. म्हणून आता सविस्तर. आणि उदाहरण मुद्दाम लांबचं घेतोय. आपल्याकडचं घेतलं की दुसऱ्या वाक्याला "तू कुठल्या पक्षाचा?" सुरू होतं. हैतीत आपला कुणाचाच पक्ष नाही.

माझी आतेबहीण बोस्टनजवळ एका वृद्धाश्रमात काम करते. तिथे तिच्यासोबत हैतीच्या बऱ्याच बायका आहेत. त्यातल्या एका मावशींनी (ही त्यांना मावशीच म्हणते, आणि त्यांनाही आता तो शब्द कळतो) तिला हा भात शिकवला. तिने मला फोनवर सांगितला. नाव 'दिरी कोले आक प्वा'. दिरी म्हणजे भात, प्वा म्हणजे शेंगदाणे म्हणाल तर नाही, घेवड्याचे दाणे. कोले म्हणजे चिकटलेला. घेवड्याला चिकटलेला भात, अशी सरळ भाषा.

कृती ऐका. लाल राजमा घ्यायचा. मी आमच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा घेतला, तोही त्याच कुळातला आणि चवीला जास्त गोड. एक वाटी दाणे रात्री भिजवून सकाळी साध्या पातेल्यात शिजवायचे. कुकर लावला तर दाणे फुटतात, आणि फुटले की मावशी नापास करतात. दाणा बोटाने दाबला तर दबला पाहिजे, पण अखंड राहिला पाहिजे. आणि शिजवलेलं पाणी फेकलंत तर सगळंच फेकलंत. भाताचा तो तांबूस रंग आणि अर्धी चव त्या पाण्यातच असते.

मग वाटण. त्याला ते 'एपिस' म्हणतात. लसूण, कांद्याची पात, पार्स्ली, थाइम, ढोबळी मिरची, थोडं आंबट. 'पिलोन' नावाच्या लाकडी उखळीत कुटतात, प्रत्येक घरी असते. मी खलबत्त्यात कुटलं. पार्स्लीऐवजी कोथिंबीर घातली, त्यावरून बहिणीची बोलणी खाल्ली. तेलात हे वाटण परतायचं, त्यात निथळलेले दाणे टाकून ते जरा कडक होईपर्यंत परतायचे. ही पायरी गाळू नका. मग घेवड्याचं पाणी, मीठ, तीन-चार लवंगा, आणि वरून एक अख्खी, देठासकट, जहाल मिरची. ती फुटता कामा नये. तिने फक्त वास द्यायचा. ढवळताना फुटली तर घरातली पोरं उपाशी. उकळी आली की दोन वाट्या धुतलेला तांदूळ. पाणी आटलं की आच अगदी मंद, घट्ट झाकण, वीस मिनिटं हात लावायचा नाही. समुद्राकाठचे लोक नारळाचं दूधही घालतात. सोबत 'पिकलिझ', म्हणजे कोबी-गाजर-मिरचीचं व्हिनेगरमधलं लोणचं. आणि पातेल्याच्या बुडाला जी खरवड धरते तिला 'ग्रातें' म्हणतात. तिच्यावरून तिथेही भावंडांची मारामारी होते. हे ऐकून मला त्या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

आता खरी गोष्ट. बहिणीने मावशींना विचारलं, तांदूळ कुठला घ्यायचा? मावशी म्हणाल्या, चांगला हवा तर 'दिरी पेयी', पण तो मिळायचा नाही. नाहीतर मग 'दिरी मियामी', तो कुठेही मिळतो. पेयी म्हणजे देश. आपण गावरान म्हणतो तसं. आणि मियामी म्हणजे अमेरिकेतलं मियामीच. अमेरिकेच्या बंदरातून आलेला तांदूळ, म्हणून मियामी तांदूळ. स्वतःच्या राष्ट्रीय पदार्थातल्या मुख्य जिन्नसाला दुसऱ्या देशाच्या शहराचं नाव. हे कसं झालं ते वाचा, मित्रा, तू तर खास वाच.

हैती हा कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा. लोकसंख्या सव्वा कोटीला थोडी कमी. १८०४ साली तिथल्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून स्वतःचं राष्ट्र केलं. त्याची शिक्षा म्हणून १८२५ मध्ये फ्रान्सने आरमार पाठवून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. गुलामांनी मालकांना स्वतःची किंमत द्यायची! पुढे ती नऊ कोटींवर आली, पण ती भागवायला काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत फिटत नव्हते. एवढं होऊनही १९८०च्या सुरुवातीपर्यंत हा देश आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. आर्तिबोनित नदीचं खोरं हे त्यांचं भाताचं कोठार. डोंगराळ भागातला माणूस मका, रताळी, कंद आणि 'पितिमी' खायचा. पितिमी म्हणजे ज्वारी! भात रविवारी, सणाला, पाहुणा आला तर. आमच्या आजीच्या घरी होतं अगदी तसंच.

फेब्रुवारी १९८६ मध्ये तिथला हुकूमशहा दुव्हालिए पळाला. मागे लष्करी सरकार आलं. तिजोरी रिकामी. नाणेनिधी आणि जागतिक बँक दारात उभी. कर्ज हवं तर बाजार उघडा. बाजार उघडला. अमेरिकन तांदूळ येऊ लागला, काही कायदेशीर, बराचसा चोरून. आर्तिबोनितच्या शेतकऱ्यांनी तांदळाचे ट्रक अडवले, मारामाऱ्या झाल्या. शहाण्या लोकांनी तेव्हाही हेच सांगितलं: गरिबाला स्वस्त मिळतंय, तुमच्या पोटात का दुखतं?

मग १९९४. लोकांनी निवडून दिलेले, पण लष्कराने हाकललेले अध्यक्ष आरिस्तिद अमेरिकेच्या सैन्यासोबत परत आले. सोबत अटीही आल्या. १९९५ मध्ये तांदळावरचं आयात शुल्क ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं गेलं. शेजारच्या कॅरिबियन देशांचं सामायिक शुल्क २५ टक्के, आणि या सगळ्यांत गरीब देशाचं ३! समोर कोण, तर सरकारी अनुदानावर पिकलेला, यंत्राने कापलेला अमेरिकन तांदूळ. इकडे विळा घेऊन अर्ध्या-एक एकरात वाकलेला माणूस. याला स्पर्धा म्हणतात. ते ३ टक्केही काहींना जड होते. नव्वदच्या दशकात आयात कमी दाखवून कर वाचवण्यासाठी हैतीच्या कस्टम अधिकाऱ्यांना लाच दिली, म्हणून 'अमेरिकन राइस' कंपनीच्या दोन बड्या अधिकाऱ्यांना पुढे अमेरिकेतल्याच न्यायालयाने दोषी ठरवलं.

आज हैतीत शिजणाऱ्या पाच वाट्या तांदळातल्या साधारण चार बाहेरच्या असतात, बहुतेक अमेरिकेच्या. एवढासा देश अमेरिकन तांदळाच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांत मोडतो. ज्वारी-मका मागे पडला आणि रविवारचा भात रोजचा झाला. ऐकायला प्रगती वाटते, नाही? २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी हैतीतल्या बाजारातला तांदूळ तपासला. आयात तांदळात आर्सेनिक आणि कॅडमियमचं प्रमाण सरासरीने देशी तांदळाच्या जवळपास दुप्पट निघालं. रोज तिन्ही त्रिकाळ खाणाऱ्या पोरांच्या पोटात हे जातंय.

"दुसरं काहीतरी पिकवावं." हो, तेही बघू. हैतीच्या शेतकऱ्याची बँक म्हणजे त्याचं काळं गावठी डुक्कर. उकिरड्यावर वाढायचं, खर्च शून्य, पोराची फी किंवा आजारपण आलं की विकायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डुकरांत स्वाइन फीव्हरची साथ आली, आणि ती अमेरिकेपर्यंत पोचू नये म्हणून १९८०च्या सुरुवातीला देशातली झाडून सगळी गावठी डुकरं मारली. लाखोंनी. बदल्यात अमेरिकेतून गोरी डुकरं आली. त्यांना सिमेंटची शेड लागे, विकतचा खुराक लागे, स्वच्छ पाणी लागे, जे माणसांनाही मिळत नव्हतं. लोक त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' म्हणू लागले. म्हणजे आधी बचत गेली, मग पीक गेलं. मग काय पिकवणार? डोंगरावरची झाडं तोडून कोळसा केला आणि विकला. तो संपला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्टीत गेले, कपड्याच्या कारखान्यात रोजंदारी शोधायला. तिथे एकावर एक कशाबशा बांधलेल्या खोल्यांत राहिले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात त्याच खोल्या अंगावर पडल्या. लाखाच्या वर माणसं मेली. भूकंप काही आयात शुल्काने होत नाही, एवढं मलाही कळतं. पण इतकी माणसं त्या शहरात का कोंबली गेली होती, हा प्रश्न विचारायचाच नाही का?

भूकंपानंतर जगभरातून फुकट तांदूळ आला. पहिल्या आठवड्यांत तो हवाच होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नसावं. आमच्याकडे ७२च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाल्लेली माणसं अजून आहेत. नाकं मुरडत खाल्ली, पण जगली. वाईट दिवसात बाहेरचं खाण्यात लाज नाही. पण तोच वाईट दिवस कायमचा ठरवून टाकला तर? महिन्या-दोन महिन्यांत हैतीचे अध्यक्ष प्रेव्हाल यांनाच वॉशिंग्टनला जाऊन सांगावं लागलं, की असंच फुकट धान्य येत राहिलं तर आमचा शेतकरी आणि दुकानदार मरेल.

आणि त्याच मार्चमध्ये, १० मार्च २०१० ला, अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे बिल क्लिंटन यांनी कबुली दिली. तेच क्लिंटन, ज्यांच्या कारकिर्दीत ते शुल्क खाली आलं. आणि ते अर्कान्सासचे, अमेरिकेत सगळ्यात जास्त तांदूळ पिकवणाऱ्या राज्याचे माजी गव्हर्नर. म्हणाले, याने माझ्याकडच्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण हे चुकलं. हैतीची स्वतःला खाऊ घालायची ताकद माझ्या निर्णयाने गेली, आणि हे ओझं मी रोज वागवतो. मित्रा, तुझा मुद्दा ज्यांनी अमलात आणला त्यांनीच तो मागे घेतलाय. शुल्क मात्र पुन्हा वर गेलं नाही.

तू म्हणशील, पण स्वस्त तर मिळालं ना? मिळालं. काही वर्षं शहरातल्या गरिबाचं पोट त्यावर भरलं, हे मी नाकारत नाही. आता २००८ बघ. काही महिन्यांत जगात तांदूळ दुप्पट-तिप्पट महाग झाला. हैतीत लोक रस्त्यावर आले, माणसं मेली, एप्रिलमध्ये सिनेटने पंतप्रधान आलेक्सी यांना घरी पाठवलं. त्या भुकेला लोकांनी नाव दिलं होतं 'क्लोरॉक्स'. आपण फरशीला वापरतो ते ब्लीच. पोटात ब्लीच ओतल्यासारखी आग होते, म्हणून.

आणि जगात तांदूळ महाग का झाला? कारणं बरीच होती, पण एक ठळक कारण आपण होतो. आपण. भारताने तेव्हा बिगर-बासमती तांदळाची निर्यात बंद केली. पाठोपाठ व्हिएतनामने हात आखडला आणि बाजारात घबराट पसरली. जुलै २०२३ मध्ये आपण पुन्हा बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत. जगातल्या तांदूळ व्यापारातला चाळीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा आपला, आणि आपण शटर ओढलं. घरात भाव वाढत होते म्हणून ओढलं. आपल्या शेतकऱ्याचं त्यात नुकसान झालं ते वेगळंच. पण त्या वेळी दिल्लीत कुणी विचारलं असेल का, की हे शटर ओढल्यावर पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये काय होईल? कुणीही विचारत नाही. विकणारा देश आधी आपलं घर बघतो. आम्ही स्वतः दोनदा तसंच केलंय, आणि तरीही तू मला सांगतोस की बाहेरून स्वस्त मिळत राहील!

दुसऱ्या बाजूचा अनुभवही आपल्याला आहे. १९८६ मध्ये, हैतीने बाजार उघडला त्याच वर्षी, आपण तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. नव्वदच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. मग १९९४ पासून पामतेल खुलं केलं आणि शुल्क उतरवत नेलं. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा किराणा दुकानात कसे चेहरे होते ते आठव. तीन-साडेतीन आठवड्यांत त्यांनी बंदी उठवली म्हणून निभावलं. आपण मोठा देश, पाकिटात पैसे होते, दुसरीकडून आणलं. हैतीच्या पाकिटात काय होतं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो, नाहीतर उद्या कुणीतरी तेच धरून बसेल. नुसतं शुल्क वाढवलं की हैतीचा शेतकरी उभा राहील असं नाही. कालवे गाळाने भरलेत, कर्ज मिळत नाही, उतारावरची माती वाहून गेली, आणि आयातीवर मूठभर घराणी गब्बर झालीत, ती सहजी सोडणार नाहीत. दुव्हालिएच्या काळात तांदूळ देशात पिकत होता म्हणून तो काळ चांगला होता असंही नाही, माणसं गायब होत होती तेव्हा. आणि आर्तिबोनितच्या वाट्याला तर सगळंच आलं. २०१० च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण याच नदीच्या उपनदीत गेली आणि कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भाताच्या खाचरात पाय घालायला लोक घाबरत होते. आता टोळ्या आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला या भातखोऱ्यातल्याच पाँ-सोंदे गावात टोळीने किमान सत्तर माणसं मारली, घरं जाळली. देशातल्या निम्म्या लोकांना आज पुरेसं खायला मिळत नाही. आणि ज्या शेतात ते पिकलं असतं तिथला माणूस पळून गेलाय. पीक मोडायला दहा वर्षं पुरली, उभं करायला किती लागतील ते मला माहीत नाही, आणि क्लिंटनना तर मुळीच माहीत नसावं.

मावशींचं माहेर त्याच खोऱ्यातलं. पगारातले पैसे दर महिन्याला भावाला पाठवतात. तो एके काळी भात लावायचा. आता त्या पैशातून पोतं आणतो. पोत्यावर इंग्रजी छापलेलं असतं. बहीण म्हणाली, हे सांगताना मावशी हसत होत्या. कसलं हसू ते तिला कळलं नाही, तिने विचारलंही नाही.

तर मित्रा, रविवारी ये. फोनवर नको, जेवायला ये. वाघ्या घेवडा भिजत घालतो, तांदूळ भोरचा आणलाय. तुरीचं काय ते तेव्हा बोलू, तुझे आकडे घेऊन ये, माझे माझ्याकडे आहेत. येताना पार्स्ली मिळाली तर आण, कोथिंबिरीने खरंच तो वास येत नाही. आणि खरवडीवर डोळा ठेवू नकोस, ती धाकटीने आधीच मागून ठेवलीये.